बारा व्होल्ट

सकाळी सव्वासहाला, मनीषनगरच्या आमच्या पोर्चमध्ये,
ऊन अजून कंपाउंडच्या भिंतीपलीकडे असताना,
मी किल्लीचं बटण दाबलं
आणि गाडीने ओळख दाखवली नाही.

पुन्हा दाबलं. दिवा नाही, आवाज नाही,
आरसे मिटलेले ते मिटलेलेच.
पोटात शंभर टक्के भरलेली बॅटरी,
टाकीत अर्धं पेट्रोल.
दोन दोन चुली, आणि काडी सादळलेली.

चौतीस वर्षं कोराडीला काढलेला माणूस मी.
संच बंद पडला की उठायला त्यालाही दुसऱ्याची वीज लागते
हे नव्या पोरांना फळ्यावर काढून दाखवायचो.
दोनशे दहा मेगावॅटचं धूड,
आणि सगळं अंधारलं तरी जाग्या राहणाऱ्या
मागच्या खोलीतल्या बरण्या,
लोणच्याच्या असाव्यात तशा ओळीने मांडलेल्या.
त्यांना डिस्टिल्ड पाणी, त्यांना हायड्रोमीटर,
वहीत आकडा, आकड्याखाली सही.
तसलीच एक बरणी
माझ्याच डिकीच्या गालिच्याखाली आहे,
हे मात्र डोक्यात आलं नाही.

देवचंद निनावे आला गोळीबार चौकातून,
स्कूटीच्या पायदानावर केबलचं वेटोळं, गालात खर्रा.
किल्लीच्या पोटातून त्याने एक चपटी किल्ली ओढून काढली.
दोन वर्षं माझ्या खिशात होती ती. मला ठाऊक नव्हती.
मीटर लावला: नऊ पूर्णांक आठ.
हा आकडा मी कुणाच्या वहीत पाहिला असता
तर त्याला उभा केला असता.

"मोठी बॅटरी गाडी ओढते, काका.
पण मोठीले उठवते हे लहानी.
लहानी झोपली का मोठी भरून काय कामाची?"
"अरे, पण मी रोज रात्री चार्जरला लावतो!"
"लावता ना. चालवता कुठं?
मोठी भरली का चार्जर बी झोपते,
लहानीले तेवढ्यात भेटले तं दोन घास."

मग त्याने चोर दाखवले.
काचेवरचा कॅमेरा, जावयाने हौसेने लावून दिलेला,
रात्रभर गल्लीतल्या कुत्र्यांचं शूटिंग करणारा.
आणि किल्ली.
भिंतीच्या या बाजूला खुंटीवर ती, त्या बाजूला गाडी,
दोघींचं रात्रभर चाललेलं:
आहेस का? आहे.
आहेस का? आहे.
आणि वरून हा मे महिना.
"सत्तेचाळीस डिग्रीत तुम्ही कूलरसमोर बसता,
इले कोन बसवते?
उन्हात मरते बॅटरी. समजते थंडीत.
तुमची लवकर समजली, बरं झालं."

केबल लागली. डॅशबोर्डवर हिरवी अक्षरं उमटली,
इंजिनाचा आवाज नाही, काही नाही,
फक्त कूलिंगचा पंखा खोकलल्यासारखा झाला.
निनावेने पैसे मोजले, म्हणाला,
"दुसऱ्याच्या गाडीले हिच्यावरून करंट देऊ नका,
लई दानशूर होऊ नका."

आता किल्ली आतल्या खोलीत, स्टीलच्या डब्यात.
कॅमेऱ्याची वायर उपटलेली.
गावाला जाताना एक छोटा चार्जर लहानीला, वेगळा.
आणि दर बुधवारी, रविवारी
अर्धा तास गाडी फिरवून आणायची,
तर्री-पोहे खाऊन परत, हा नियम.
(पोह्यांचा नियम निनावेचा नाही.)

शाळेची जुनी वही आहे मुलीची, शंभर पानी.
तारीख, वेळ, व्होल्ट.
बारा पूर्णांक पाच. बारा पूर्णांक सहा.
"स्वतःच्या बीपीची वही ठेवली नाही एवढी नीट,"
कुमुदिनी म्हणते, आणि ते खरं आहे.

काल आकड्याखाली सही केली
आणि हाताने आपलं आपण लिहिलं: पहिली पाळी.
शेजारी जागा सोडली,
पुढच्या माणसाच्या सहीसाठी.
संध्याकाळी पाहिलं तर तिथे
पेन्सिलने लिहिलेलं होतं:
सांबार वीस, भेंडी तीस, दूधवाल्याला सांगणे.